ज्याचे दुखते त्याला विचारा

(कर्जत तालुक्यातील एका ठाकुरवाडीत आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि वाडीतील रहिवासी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज सकाळी वाडीची पायवाट चढत असताना एका वळणावर मला एक मोठा कातळ दाखविण्यात आला. बरोबरच्या आशाताई म्हणाल्या, "सर, हे आमचं ऑफिस." वाडीत मोबाइलला रेंज येत नाही, ती या कातळावर येते. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपला की त्या येथे येऊन बसतात आणि दिवसभर वहीत टिपलेली माहिती मोबाइलमध्ये भरून वर पाठवितात. पावसाळ्यात छत्री धरण्यासाठी मुलाला बरोबर आणावे लागते. मी तीन तपे अर्थशास्त्र शिकविले. उत्पादनखर्चाची कोष्टके फळ्यावर मांडता मांडता केस पिकले. परंतु त्या कातळाचा, त्या छत्रीचा आणि त्या मुलाच्या बुडालेल्या अभ्यासाचा खर्च कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात मांडलेला मला आढळला नाही.

सार्वजनिक आरोग्यसेवा ऑनलाइन होत आहे. ती होताना सल्ला कोणाचा घेतला जातो, या प्रश्नावर मला आज बोलावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी यंत्राच्या विरुद्ध बोलण्यास आलेलो नाही. डोंगरातल्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टर बसल्या जागी भेटत असेल, तर त्याच्याइतकी समतेची गोष्ट दुसरी कोणती? ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सरकारी सेवा २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ती रुग्णांना घरून वापरता येऊ लागली. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. हे काम लहान नाही. वाडीतून निघून, उतरून, वाहन मिळवून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगावयास नको. त्यातली एक खेप जरी वाचली तरी ती हवीच आहे.

पण आपल्याच नावाची एक ठाकुरवाडी बोरघाटातील लोहमार्गावर आहे. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. घाट उतरणाऱ्या गाड्या त्या ठाकुरवाडीला कित्येक वर्षे थांबत. मात्र त्या थांबत ब्रेक तपासण्यासाठी, ठाकरांना चढू देण्यासाठी नव्हे. गाडी दारात थांबली म्हणजे ती आपल्यासाठी थांबली असे होत नाही. ती कोणासाठी थांबावी हे जो ठरवितो, त्याच्याशी आपले काही बोलणे झाले आहे काय, हे पाहावे लागते.

असे बोलणे न झाल्यास काय घडते, याचा अनुभव २०२१ साली साऱ्या देशाने घेतला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ या वयोगटास करोनाची लस देण्याचे ठरले आणि त्यासाठी कोविन या संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे बंधनकारक झाले. लस थोडी आणि मागणारे अनेक. जो मोबाइलवर चपळ, त्याला वेळ मिळे. शहरातील मंडळी मोटारी काढून ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊन येत असल्याच्या आणि त्या गावचेच लोक रांगेबाहेर राहत असल्याच्या बातम्या त्या दिवसांत वृत्तपत्रांतून येत होत्या. त्या शहरी माणसांना मी दोष देत नाही. प्राणभय सर्वांनाच असते. दोष त्या रचनेचा होता. मेच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने केंद्र शासनाला हाच प्रश्न केला, की ज्यांच्यापाशी साधन नाही, जोडणी नाही, त्यांनी लस घ्यायची कशी? तत्पूर्वी आठवडाभर, २४ मे रोजी, सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्यास मुभा देण्यात आली होती; आणि कोविन मराठीत उपलब्ध झाले ते जूनमध्ये, म्हणजे सक्तीनंतर महिन्याने.

आता विचार करा. ही सुधारणा करण्यासाठी न्यायमूर्तींची विद्वत्ता आवश्यक होती काय? एप्रिल महिन्यात एखाद्या आशाताईला कोणी विचारले असते, तर तिने दोन वाक्यांत सांगितले असते: बायकांच्या हातात फोन नसतो, आणि फोन असला तरी तो इंग्रजी बोलतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३८ होत्या, तर पुरुष सुमारे ६१. आकडा पाहणीने छापला. आशाताईंना तो आधीच ठाऊक होता.

दुसरे उदाहरण अंगणवाडीचे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले. बालकांची वजने, उंची, आहार, हजेरी सारे त्यात भरावयाचे. ॲपची भाषा इंग्रजी, आणि शासनाने दिलेले मोबाइल इतके अपुरे की ॲप उघडले की मोबाइल बंद पडे. सेविकांनी अर्ज केले, निवेदने दिली. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी ते मोबाइल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. पुढे फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाइलची मागणी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, हे त्यांच्या मागण्यांपैकी एक होते.

या संपांकडे केवळ वेतनाचा लढा म्हणून पाहणारे अर्धेच पाहतात. वेतनाचा प्रश्न होताच आणि तो रास्तच होता. परंतु हे संप म्हणजे एका परीने सल्लाही होता. वापरणाऱ्यांनी रचना करणाऱ्यांना सांगितले, की तुमचे साधन चालत नाही. साधा सल्ला ऐकण्याची व्यवस्था नसल्यामुळे तो संपाच्या रूपाने द्यावा लागला. आणि त्याची किंमत मोजली कोणी? मानधन बुडालेल्या सेविकांनी, आणि त्या दिवसांत वजन न झालेल्या मुलांनी. विचारून घेण्यास वेळ लागतो असे जे म्हणतात, त्यांनी न विचारण्याचा हा हिशोबही मांडावा.

आणि हे सारे मागे पडले असे समजू नका. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या पोषण आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची मोबाइलवरून ओळख पटविणे बंधनकारक करण्यात आले. उद्देश गळती रोखण्याचा. उद्देशाशी माझे भांडण नाही. परंतु मोलमजुरीला पहाटे गेलेल्या आईचा चेहरा अंगणवाडीच्या वेळेत कोठून आणावयाचा? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचा चेहरा कोठे शोधावयाचा? हा प्रश्न नियम करणाऱ्याला सुचणार नाही, कारण त्याच्या घरातले कोणी वीटभट्टीवर जात नाही. यात त्याची दुष्टता नाही, त्याचे स्थान आहे. म्हणूनच विचारणे हा शिष्टाचाराचा भाग नसून ज्ञानाचे साधन आहे.

येथे अर्थशास्त्रातील एक विचार सांगतो. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटे पुस्तक लिहिले. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला तर माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याने दाखविले: एक, तिला सोडून जाणे, दुसरा, तेथेच राहून तक्रार करणे. बाजारात गिऱ्हाईक दुकान बदलते आणि दुकानदार सुधारतो. परंतु सार्वजनिक सेवेत हे तसेच घडत नाही. दवाखाना चालेनासा झाला की ऐपतीचा माणूस नेरळच्या किंवा कर्जतच्या खाजगी डॉक्टरकडे जातो. ज्याचा आवाज वरपर्यंत पोहोचला असता तोच आधी निघून जातो. ऐपत नसलेला भगताकडे जातो, किंवा कोठेच जात नाही. दोघेही नोंदवहीतून नाहीसे होतात, आणि नोंदवही म्हणते की तक्रार कोणाचीच नाही. ऑनलाइन सेवेत तर हे अधिकच खरे. ज्याला नोंदणी जमली नाही त्याची नोंद कोठे असणार? संगणकाच्या पडद्यावर जे रुग्ण दिसतात, त्यांना विचारून सेवा कशी वाटली हे जाणून घेणे म्हणजे गाडीत बसलेल्यांना विचारणे, की गाडी तुमच्या गावाला थांबते ना?

यादीत नसणे म्हणजे काय, हे या भागाला शिकवावे लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. मिळून चौऱ्याऐंशी जीव गेले. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाच्या वतीनेच तेव्हा सांगण्यात आले. यादी करणाऱ्याने अप्रामाणिकपणा केला असे मी म्हणत नाही. परंतु ज्या यादीत भर घालण्याचा मार्ग वाडीतून वर जात नाही, ती यादी कितीही आधुनिक यंत्रात ठेवली तरी तिच्यातील भोक तसेच राहते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी अशाच एका वाडीत आरोग्यसेवेची पाहणी केली होती. प्रश्नावली मीच तयार केली होती: सेवेबद्दल आपण समाधानी आहात काय? उत्तरे बहुतेक एकच आली: "बरं हाय." मी ती समाधानाच्या रकान्यात मोजली, टक्केवारी काढली, निबंध वाचला, टाळ्या घेतल्या. पुढे त्याच वाडीत एका म्हाताऱ्या मावशींनी मला विचारले, "मास्तर, तुमी तवा इचारलं त्याचं काय झालं?" काही झाले नव्हते. मी म्हणालो, "मावशी, तेव्हा तुम्ही तर बरं आहे म्हणालात." त्या म्हणाल्या, "मंग काय म्हनू? वाईट म्हनलं न् तुमी गेलात, तर नर्सबाईशी आमालाच बोलायचं हाय ना." त्या एका वाक्यात माझी सारी सांख्यिकी कोसळली. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत त्याच्याविषयी खरे बोलण्यास संरक्षण लागते, आणि बोलून काही होईल असा विश्वास लागतो. ही दोन्ही नसतील तर विचारणे ही नुसती करमणूक आहे, आणि ती गरिबाच्या वेळेवर केलेली करमणूक आहे.

खरे विचारणे कसे असते, हे शोधण्यास आपल्याला परदेशात जावयास नको. १९७८ साली आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने आरोग्यसेवेच्या आखणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क असल्याचे मान्य केले. त्याच्याही आधी, याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या मांडवा परिसरात डॉ. नोशीर अंटिया यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकविले होते आणि त्यांच्याकडून स्वतः शिकले होते. पुढे २००७ साली महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख व नियोजनाचा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला आणि नंतर तो रायगडसह इतर जिल्ह्यांत गेला. गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरावयाचे: चांगल्याला हिरवा रंग, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. मग जनसुनवाई: सारा गाव समोर, अधिकारी समोर, आणि प्रश्नाला जागच्या जागी उत्तर. माझ्या प्रश्नावलीत जे नव्हते ते येथे होते. एकटी मावशी बोलत नव्हती, गाव बोलत होता. म्हणून राग धरावयाचा तरी कोणावर? आणि ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागत होते.

माझे म्हणणे एवढेच, की दवाखान्याच्या इमारतीला आणि औषधांच्या साठ्याला जो न्याय आपण लावला तोच आता ऑनलाइन सेवेला लावावा. ॲप हाही दवाखानाच आहे. त्याचे दार उघडते की नाही, आतला माणूस आपली भाषा बोलतो की नाही, आपली लाज राखतो की नाही, हे गावाने तपासावे.

या तपासणीतून काय निघू शकते याचा एक लहानसा नमुना देतो. दूरसल्ला चालू असताना मी एकदा शेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी एका आजोबांना विचारले, खोकला केव्हापासून? आजोबा म्हणाले, होळीपासून. ॲपला तारीख हवी होती. होळीच्या आधी की नंतर हे विचारण्यास सवड नव्हती. कोणतीतरी तारीख भरली गेली. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असला तर क्षयाची तपासणी करावयाची असते, म्हणून ही तारीख महत्त्वाची. माणूस खरे बोलला, यंत्राने खोटे लिहिले. सण सांगितला की आठवडे मोजून देणारा रकाना करणे हे संगणकाच्या जाणकाराला अर्ध्या दिवसाचे काम असेल. पण ते करावे हे त्याला कळणार कसे? तसेच लाजेचे. दूरसल्ला आशाताईच्या मोबाइलवर, ओटीवर, चार माणसांत चालतो. अंगावरून जाण्याचा त्रास कोणती बाई तेथे सांगेल? पडदा लावलेली एक कोपऱ्यातली जागा हीसुद्धा ऑनलाइन सेवेचीच सुधारणा आहे, आणि ती बायकांना विचारल्याशिवाय सुचत नाही.

तेव्हा माझ्या सूचना पाच आहेत.

पहिली: कोणतीही नवी ऑनलाइन पद्धत सक्तीची करण्यापूर्वी ती डोंगरातल्या काही वाड्यांत, आणि तीही पावसाळ्यात, चालवून पाहावी. जी जुलैत ठाकुरवाडीला चालेल ती जानेवारीत अलिबागला चालेलच. उलट मात्र खरे नाही.

दुसरी: यंत्र बंद पडले म्हणून कोणाचीही सेवा अडता कामा नये. वहीत नोंद करून सेवा द्यावी आणि यंत्रातली भर मागाहून घालावी. नोंद सेवेसाठी असते. सेवा नोंदीसाठी नसते.

तिसरी: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ज्यांना सेवा मिळाली नाही त्यांना शोधून विचारावे. आणि ही बैठक वाडीत व्हावी. अनुसूचित क्षेत्रातील पाड्यांना १९९६ च्या पेसा कायद्याने स्वतःच्या ग्रामसभेचा आधार मिळाला. रायगड जिल्हा त्या क्षेत्रात नाही. येथील ठाकर आणि कातकरी गटग्रामपंचायतीच्या सभेत मागच्या रांगेत उभे राहतात. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. बैठकीची जागा बदलण्यास कायदा लागत नाही.

चौथी: ज्यांचा सल्ला घ्याल त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्या. शहरातल्या सल्लागाराला शुल्क देताना आपला हात अडखळत नाही. आशाताईचा आणि मजुरीला न जाता बैठकीस बसलेल्या रुग्णाचा सल्ला फुकट घेणे हे शोषणच होय.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. मान्य असेल तर केव्हा करणार. अमान्य असेल तर का. ते उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत लावावे. उत्तर देण्याचे बंधन नसेल तर सल्लामसलत म्हणजे सूचनापेटी, आणि सूचनापेटीची किल्ली कोणाकडे असते हे आपण जाणतो.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा, की तांत्रिक बाबी अशिक्षितांना काय कळणार? चप्पल शिवणे चांभारालाच येते हे खरे; पण ती कोठे चावते हे पायालाच कळते. आपण वाडीला संगणकाची आज्ञावली लिहावयास सांगत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याला मी साध्या गणिताने उत्तर देतो. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. धरा, की यंत्र बंद, नाव जुळत नाही, खाते जोडलेले नाही अशा कारणांनी एका बाळंतिणीच्या घरच्या माणसाला तीन खेपा पडल्या. तीन दिवसांची मजुरी ९३६ रुपये, गाडीभाडे वेगळेच. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण मातेसाठी ठरलेली रक्कम आहे ७०० रुपये. म्हणजे शासनाने सातशे देण्यासाठी त्या घराचे साडेनऊशे घेतले. हा खर्च नाहीसा झालेला नसतो. तो शासनाच्या वहीतून गरिबाच्या घरात ढकललेला असतो. कार्यक्षमता या नावाने आपण ज्याचे कौतुक करतो, ते पुष्कळदा असे खर्चाचे स्थलांतर असते. विचारण्यास पैसे लागतात हे मान्य. न विचारण्यासही लागतात, फक्त ते वेगळ्या खिशातून जातात.

मित्रहो, ऑनलाइन सेवा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती तुमच्या-माझ्या करातून उभी राहिली आहे. मीठ विकत घेणारी मावशीही कुठल्या ना कुठल्या रूपाने कर भरतेच. ज्या मालकाला आपल्याच घराची रचना विचारली जात नाही, तो घरात पाहुणा होतो. भगिनींनो, तुम्ही पाहुण्या होऊ नका. पुढील महिन्याच्या समितीच्या बैठकीत एक काम करा: मागल्या तीन महिन्यांत या वाडीतून कोण कोण ऑनलाइन नोंदीपायी परत आले, याची नावानिशी यादी तयार करा, तिला रंग द्या, आणि ती घेऊन सर्वांनी मिळून आरोग्य केंद्रात जा. लेखी उत्तर मागा. तारीख मागा. अधिकाऱ्यांपैकी कोणी येथे बसले असतील, तर त्यांना विनंती, की ती यादी तक्रार म्हणून न घेता फुकट मिळालेला तज्ज्ञांचा अहवाल म्हणून घ्यावी.

आणि मलाही बोलवा. मावशींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून देणे लागतो.